पंचावरची खपली

कोइम्बतूरच्या गणपती नावाच्या भागात पंपांच्या मोटरींसाठी पत्र्याच्या चकत्या कापणारा कारखाना होता. तिथल्या टूलरूमचा मी प्रमुख. कुठलं काम कुठल्या मशीनवर घ्यायचं, हे मी ठरवायचो.

त्या मंगळवारी गिऱ्हाइकाने चकतीच्या खाचेचा आकार बदलला. पत्र्यात ती खाच पाडणारा पोलादी ठोकळा, आमचा पंच, तर भट्टीतून कडक होऊन आलेला. त्याचा आतला कोपरा नखाएवढा. इतक्या कडक पोलादावर मिलिंगचा कटर टिकला नसता, ग्राइंडिंगचं चाक आत शिरलं नसतं.

"स्पार्कवरच टाकावा लागेल," मी अरोकियसामी अण्णांना म्हणालो. विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवणारं स्पार्क मशीन तेच चालवायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे.

"टाकू की. पण वेलुसामी, ठिणगी कापत नाही, जाळते. वितळलेलं पोलाद तिथंच थिजतं आणि काचेसारखी ठिसूळ खपली धरते. शेवटचा हात मंद करंटवर घेतो, खपली घासून काढतो, मग पंच परत भट्टीत जरा शेकतो. शुक्रवारी घे."

"गुरुवारी सकाळी चकत्यांची प्रेस चालू व्हायला हवी, अण्णा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मग गिऱ्हाइकालाच बसव प्रेसवर."

मी हसलो. करंट वाढवून एकाच दमात उरकायला सांगितलं. माप बरोबर आलं. कोपरा तेवढा राखाडी, खरखरीत दिसत होता. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पंच माझ्या हातात दिला.

त्या प्रेसवर पूंगोदै अक्का नऊ वर्षं काम करत होती. शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी पंचाचा कोपरा फुटला. गार्डच्या फटीतून तुकडा उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यात घुसला. ती ओरडलीसुद्धा नाही. आधी तिने प्रेस बंद केली, मग खाली बसली.

डोळा वाचला नाही.

सोमवारी मालक म्हणाले, "पोलाद हलकं निघालं असणार. तसं लिहून दे."

मी फुटका तुकडा कापला, घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कडेला पांढरी खपली होती, तिच्यात केसासारख्या चिरा. त्यातली एक थेट आतल्या पोलादात उतरली होती. अण्णांनीही वाकून पाहिलं. "दिसलं ना?" एवढंच म्हणाले.

दिसलं ते मी लिहिलं. मालकांनी वाचून कागद खणात टाकला. पुढे गेलेल्या अहवालावर दुसऱ्याच कुणाची सही होती, आणि त्यात पोलाद हलकंच होतं. मला कुणी काही बोललं नाही. माझी जागा तशीच राहिली.

चार दिवसांनी मी दवाखान्यात गेलो.

"अक्का, पंच घाईत केला होता. मीच तसा करायला लावला."

तिने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "अरोकियसामी अण्णा काही बोलले नव्हते?"

"बोलले होते."

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझा नवरा येईल आता. त्याच्यादेखत हे बोलू नका. उठा तुम्ही."

जिन्यात तो भेटलाच. हातात रसमभाताचा डबा होता. डबा काखेत धरून त्याने मला हात जोडले.

"साहेब, तुम्ही स्वतः आलात," तो म्हणाला. "एवढं कोण करतं?"