पाण्याने काढलेला जोडा

वाचकहो, मी कळसाडीचा एक शेतकरी, शिक्षण सातवी. चीन देशातील ग्वांगझू नामक महानगरात एका दिवसात जे पाहिले व जे घडले, ते येथे यथामती निवेदन करणार आहे. यात पदरचे काही घातलेले नाही.

आमचे चिरंजीव नवनीत सदर शहरी नोकरीस आहेत. त्या दिवशी त्यांना सुट्टी नव्हती. सबब मी व सौ. दगूबाई दोघेच नगरदर्शनास निघालो. चिरंजीवांनी घराचा पत्ता चिनी अक्षरांत छापलेले कार्ड दिले व बजावले, "आबा, हाई टॅक्सीवालाले दखाडा. हाई दवाडं, ते घर सापडाव नही." मी ते चामडी पाकिटात ठेवले.

एका देवळासमोर बाग होती. तेथे वृद्ध माणसे उलटी चालत होती. एक आजीबाई झाडावर पाठ आपटत होत्या. त्याने कंबर मोकळी होत असावी. एक म्हातारबुवा कंबरेइतका उंच कुंचला बादलीत बुडवून फरशीवर पाण्याने अक्षरे काढीत होते. दहावे अक्षर होईतो पहिले सुकत असे.

"सुकी जास ते लिखस कसाले?" सौ.नी विचारले.

"हात वळाले जोयजे," मी म्हणालो.

"मंग तुम्ही बी शाळामा पानीवरच लिखं व्हतं का?"

मी मोबाईल काढून म्हातारबुवांचे चित्रीकरण केले. त्यातच मोबाईलची बॅटरी संपली.

पुढे देऊळ. पायरीवर आम्ही पादत्राणे काढली. चामडे देवापुढे नेऊ नये, म्हणून पाकीट उजव्या बुटात घालून वर मोजा कोंबला. गावीही मी असेच करतो. आत पाहतो तो सर्वांच्या पायांत जोडे! देव मात्र प्रसन्न हसत होता. या नवलाचा विचार करीत बाहेर आलो, तर पायरी रिकामी.

"पाकीट?" सौ.

"जोडामा."

"जोडा जाऊ द्या, नवनीतना बाप, पन तुम्ही घरच जोडामा ठेवं!"

आमची भाषा कोणास कळेना. पाय दाखविले, तर एका गृहस्थाने समोरचे चपलांचे दुकान दाखविले. तेव्हा मला म्हातारबुवा आठवले. हात जोडून त्यांचा कुंचला मागितला आणि फरशीवर बूट काढू लागलो. ऊन कडक होते. नाडी काढेपर्यंत टाच सुकली.

"टाच चालनी! टाच पह्यले!" सौ. ओरडल्या. मी पुन्हा टाच काढली, शेजारी त्यांची चप्पल काढली. माणसे जमली. त्यांतून निळ्या गणवेशातील एक झाडूवाली बाई पुढे आली, चित्र पाहून तिने कपाळावर हात मारला, खळखळून हसली आणि सौ.चा हात धरून देवळामागील खोलीत घेऊन गेली.

तेथे विसरलेल्या छत्र्यांच्या रांगेत आमचे जोडे होते. चिखल पुसलेला, मोजा घडी घातलेला. जेथे कोणी पादत्राणे काढीतच नाही, तेथे ती कोणीतरी विसरला, असेच तिला वाटले असावे. पाकीट, कार्ड, सर्व जागच्या जागी. सौ.नी पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

निघताना म्हातारबुवांनी पुन्हा कुंचला पुढे केला. मी फरशीवर माझे नाव लिहिले. आडनावापर्यंत पोहोचलो, तोवर पहिले अक्षर उडाले होते. म्हणून ते येथे शाईने लिहितो, आणि येथवर आमच्यासोबत अनवाणी चाललेल्या वाचकांचे आभार मानतो.

चुडामण रतिलाल पाटील,
मु. कळसाडी, ता. शहादा