तावेत्तीचं मत

"बाबा, तुम्ही कुणाला मत दिलंत?"

साइमा गिरणीच्या दारातच उभी होती. शालीवरचा बर्फही तिने झटकला नव्हता. तावेत्ती सकाळच्या गाडीने हेलसिंकीहून परतला होता आणि घरी कॉफीसुद्धा न घेता गिरणीत येऊन बसला होता. लेक येणार, हे त्याला ठाऊक होतं.

"आत तर ये. यल्मारी कसा आहे?"

"तसाच. डावा कान गेला तो गेलाच. कुणाला दिलंत?"

फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या तीनशे जणांत यंदा, एकतीस साली, तावेत्ती होता. शेतकरी पक्षाने त्याला उभं केलं आणि गावाने निवडून दिलं. अठरा सालच्या यादवीत मालकांच्या बाजूचे गोरे जिंकले, कामगारांचे लाल हरले; तेव्हापासून गावात गोऱ्यांचं दुकान वेगळं, लालांचं वेगळं. दळण मात्र सगळ्यांचं तावेत्तीच्या ओढ्याकाठच्या गिरणीत. त्याचा जावई यल्मारी लालांचं दुकान चालवायचा. मागच्या उन्हाळ्यात चार जणांनी त्याला गाडीत कोंबून नेलं, बेदम मारलं आणि पूर्वेच्या रशियन सरहद्दीजवळ रानात टाकून दिलं. तो चालत परत आला. मारणारे कोण, ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्यातले दोघे दर आठवड्याला दळण घेऊन यायचे.

आणि त्याच लोकांना तो म्हातारा अध्यक्ष म्हणून हवा होता. जुना न्यायाधीश, झारपुढे मान न वाकवता सैबेरियात गेलेला, कडवा परंपरावादी. तो जेमतेम दोन मतांनी निवडून आला होता.

मताची चिठ्ठी गुप्त होती. तावेत्तीने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"म्हाताऱ्याला दिलं," तो म्हणाला.

साइमा दारातून मागे सरली.

"अगं, ऐक. ही पोरं आता कुणाला जुमानत नाहीत. दुसरा कुणी आला असता तर त्यालाही गाडीत घालून नेलं असतं. याचं ऐकतील. हा त्यांना आवरेल."

"त्यांचाच माणूस त्यांना आवरेल?"

"त्यांचा आहे म्हणूनच."

"यल्मारीचा भाऊ अठरा साली लाल कैद्यांच्या छावणीत उपाशी मेला, बाबा. तेव्हा देशाचा कारभार याच म्हाताऱ्याच्या हातात नव्हता का?" तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्या दाराशी पुन्हा गाडी थांबली तर मी काय सांगू? थांबा, माझ्या बाबांनी विचार करून मत दिलंय?"

ती गेली. त्यानंतर ती गिरणीत आली नाही. दळण शेजारणीकडून पाठवायची.

जूनमध्ये साइमा आणि यल्मारीने सरहद्द ओलांडायचं ठरवलं. रशियाच्या बाजूला लाकूडतोडीला माणसं हवी होती, आपली भाषा बोलणारे पुष्कळ जण तिकडे जात होते. आईचा निरोप घ्यायला साइमा घरी आली, तेव्हा तावेत्ती गिरणीत होता. जाताना दोघं गिरणीवरूनच गेली. तो दारात येऊन उभा राहिला. यल्मारीने टोपी काढली. साइमाने मान वळवली नाही.

नाताळात एक कार्ड आलं, आईच्या नावाने. पुढे काहीच आलं नाही.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस ती पोरं खरंच बंदुका घेऊन उठली. दक्षिणेत हजारो जण जमले, सरकार पाडायला निघाले. गाव शाळेतल्या रेडिओभोवती गोळा झालं. म्हातारा बोलला. ओरडला नाही, चुकलेल्या पोरांना बाप बजावतो तसा बोलला, घरी जा म्हणाला. आणि थोड्याच दिवसांत ती घरी गेली. साधी पोरं सुटली, म्होरके पकडले गेले.

"तावेत्ती, तुझं मत कामी आलं बरं का," मास्तर म्हणाले. मत कुणाला दिलं ते त्याने गावापासूनही लपवलं नव्हतं. काहींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी परतताना त्याच्या बायकोने, लूवीसाने, डोक्यावरून शाल ओढून घेतली. मग म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."

"हं."

"पण तिला खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तिने विचारलं होतं, लूवीसा."

"तिला धीर हवा होता हो. खरं कुणाला हवं होतं?"

सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या एकाजवळ तावेत्तीने साइमासाठी निरोप दिला, आता भीती नाही, या म्हणावं. तो माणूसही परतला नाही.

सदतीस साली पुन्हा निवडणूक आली. पक्षाचा माणूस घरी आला. "तुम्हीच उभे राहा, काका. तुमचा शब्द गाव मोडत नाही."

"दुसरं कुणी बघा," तावेत्ती म्हणाला.

म्हातारा हरला. वसंतात बर्फ वितळून ओढा भरला, तेव्हा लूवीसाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. सरहद्दीपलीकडे आपल्या माणसांची धरपकड चाललीय, अशी कुजबुज तेव्हा गावात सुरू झाली होती. त्याबद्दल ती दोघं घरात बोलत नसत.

"म्हातारा शेतावर राहायला गेला म्हणे," ती म्हणाली. "त्याला मुलंबाळं आहेत?"

"आहेत."

"येत-जात असतील."

"येत असतील."

तो उठून गिरणीत गेला. संध्याकाळी जात्याचा आवाज लूवीसाला वेगळा वाटला, कोरडा, खरखरीत. ती खाली गेली. वरचं धान्य केव्हाच संपलं होतं. दगडावर दगड फिरत होता. चाळीस वर्षांत त्याने असं कधी होऊ दिलं नव्हतं. तावेत्ती गुडघ्यांवर हात ठेवून पोत्यावर बसला होता.

लूवीसाने चाकावर येणारं ओढ्याचं पाणी अडवायची फळी खाली टाकली. दगड थांबायला थोडा वेळ लागला. तो थांबल्यावर ती त्याच्या शेजारी पोत्यावर बसली.