विजेच्या खुणेचा डगला

मी एक जुना डगला आहे. निळसर करड्या लोकरीचा, बाईमाणसाच्या मापाचा, बाहीवर पिवळ्या दोऱ्यानं विजेची खूण भरलेला. मित्रांनो, तुम्ही मला कुठं पाहिलं नसेल. भिवंडीतल्या अख्ख्या कामतघरनं मात्र मला एका शुक्रवारी दोरीवर वाळताना पाहिलं, आणि माझ्यापायी एका गरीब मुलीच्या बापाचं डोकं फुटायची वेळ आली.

माझा जन्म जर्मनीतला. तिथं तेव्हा महायुद्ध पेटलेलं. पुरुष आघाडीवर, म्हणून फौजेच्या टेलिफोनवर अन् वायरलेसवर मुली बसवल्या होत्या. हिल्ड त्यांतलीच. वय एकोणीस. मला अंगात घातलं की ती आरशासमोर दोनदा वळायची, शेजारीपाजारी कौतुक करायचे, आणि मी फुगायचो. आज ते सांगताना कॉलर खाली जाते. ज्या राजवटीची ती चाकरी करत होती तिनं लाखो निरपराध माणसं मारली. हिल्डनं बंदूक धरली नाही. पण तिनं जोडलेल्या तारांवरून कुठले हुकूम गेले, कुठली गावं जळली, हे तिनं कधी विचारलं नाही.

युद्ध हरल्यावर तिनं माझ्या छातीवरचा त्या राजवटीचा गरुड उसवून चुलीत टाकला. विजेची खूण उसवायला घेतली, आणि हात थांबला. मैत्रिणींबरोबरचा एक फोटो तिनं माझ्या अस्तरात सरकवला, वरून बारीक टाके घातले, आणि मला ट्रंकेच्या तळाशी घातलं. पंचवीसहून जास्त वर्षं मी डांबरगोळ्यांच्या वासात काढली. मग कुणी ट्रंक रिकामी केली, कुणी मला जुन्या कपड्यांच्या गाठीत दाबलं, आणि मी बोटीनं मुंबईला, तिथून ट्रकनं भिवंडीला आलो.

साल एकाहत्तर, महिना डिसेंबर. मी लोकरीच्या चिंध्यांच्या गोदामात पडलो. तिथं बायका ओळीनं बसायच्या. आधी अस्तर फाडायचं, मग बटणं कापायची, आणि शेवटी पाठीवर मानेपासून खालपर्यंत उभा काप मारायचा. काप मारलेला कपडा कुणाला घालता येत नाही, विकता येत नाही. तो यंत्रात पिंजायचा, त्याचं सूत काढायचं, फार तर एखादी चिंधी गोधडीला मिळायची.

"काप नसलेला एक तुकडा जरी दाराबाहेर दिसला, तर माझी नोकरी जाईल," मुकादमीण आनंदीबाई रोज बजावायची. "पण त्याआधी तुमची, हे ध्यानात ठेवा."

मी आलो गंगूच्या मांडीवर. गंगू डोंगरातल्या पाड्यावरची, बापाबरोबर भिवंडीत आलेली. तिची कात्री माझ्या अस्तरापाशी आली आणि आत काहीतरी कडक लागलं. तिनं दोन टाके उसवून बघितलं. पाच मुली ओळीनं उभ्या, अंगात माझ्यासारखेच डगले, एकीच्या कानाला यंत्र, सगळ्या हसऱ्या. गंगूनं फोटो होता तसा परत आत सरकवला. कात्री तिनं बाजूला ठेवली आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणली,

*कोन्या देशीचा डगला, त्याला कोन्या माईचा टाका*
*नको कातरू गं बाई, त्याच्या पोटात हायती हाका.*

हाकांचं खरं असेलही. पण खरं कारण जान्या होता, तिचा बाप. पहाटेच्या थंडीत तो खोकून खोकून दुमडून जायचा आणि घरात एकच घोंगडी होती.

सुट्टी झाली तेव्हा मी गंगूच्या लुगड्याखाली पोटाला गुंडाळलेला होतो. दारात बायकांची झडती आनंदीबाई स्वतः घ्यायची.

"काय गं गंगू, सकाळी सपाट होतीस. दिवसभरात पोट आलं?"

बायका खिदळल्या. आनंदीबाईचा हात गंगूच्या पोटावर फिरला आणि नेमका माझ्या पितळी बटणावर येऊन थांबला. मला तिच्या काळजाचे ठोके मोजता येत होते.

"जा," आनंदीबाई म्हणाली. "पोटाला वारा लागू देऊ नको."

दोन दिवस जान्या माझ्या उबेत झोपला. शुक्रवारी सुट्टी, भिवंडीतले लूम म्हणजे यंत्रमाग बंद, गोदाम बंद. माझा डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून गंगूनं मला उन्हात दोरीवर टाकलं. इथंच तिची चूक झाली.

पाकिस्तानशी युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. खिडक्यांना काळे कागद, दिव्यांना काळा रंग. आणि चाळीत, रात्री कुणाचा उजेड बाहेर दिसत नाही ना ते बघायला, दामू वॉर्डन. तसा तो लूम दुरुस्त करणारा जॉबर, पण त्या दिवसांत दंडावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी घालून हिंडायचा. तो दोरीपाशी थबकला. माझी बाही उलटसुलट करून पाहिली.

"ही वीज कसली? हे तर वायरलेसवाल्यांचं निशाण!" त्यानं शिट्टी फुंकली. "ए गंगू! बाहेर ये!"

घटकेत माणसं जमली. दामूनं माझं अस्तर चाचपलं, टाके तोडले, आणि फोटो बाहेर आला.

"अरे, ये तो जासूसी का माल है!" मागून एक कामगार ओरडला. "कान में मशीन देखो!"

"इमानातनं छत्रीनं उतरल्यात म्हणे बाया. मानकोलीकडं कुणीतरी बघितल्या."

"मानकोलीला? किती?"

"पाच. ह्या बघ की, मोज."

हसत सांगितलेली गोष्ट गर्दीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत खरी झाली होती. दामूनं फोटो पालथा केला. मागं एक अक्षरही नव्हतं. कोरी पाठ बघून त्याचा संशय उलट वाढला.

जान्या दारात येऊन उभा राहिला. चारचौघांत त्याला बोलायची सवय नव्हती. दामूनं विचारलं, "कुठनं आणलास?" जान्या गप्प. परत विचारलं. जान्या खोकला, आणि गप्प.

"बोलत न्हाय म्हंजे हाय काहीतरी!"

कुणीतरी जान्याच्या खांद्याला हिसका दिला. तो उंबऱ्यावर आपटला. एकानं खाली वाकून दगड उचलला.

"गोदामातला हाय तो," गंगू पुढं येत म्हणाली. "चिंधीच्या गाठीतला."

"गोदामातला?" दामूनं मला दोन्ही हातांनी उंच धरून पाठ सगळ्यांना दाखवली. "काप कुठाय? माझ्या घरात गोदामाच्या चिंध्यांच्या तीन गोधड्या हायत. सगळ्यांना काप. ह्याला का न्हाय?"

चाळीतल्या शेंबड्या पोरालाही गोदामाचा माल काप पाहून ओळखता यायचा. सगळ्यांचे डोळे गंगूवर. मित्रांनो, तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प राहिली तर बाप मार खाणार. खरं बोलली तर चोर ठरणार, काम जाणार, आणि कामाबरोबर दोघांची चूलही. मला तेव्हा वाटलं, त्या दिवशी तिच्या मांडीवरच मी कापला गेलो असतो तर किती बरं.

"मी न्हाय मारला काप," गंगू म्हणाली. "चोरला मी. पोटाला बांधून आनला. बा थंडीनं मरतो म्हनून. त्याला काय ठाव न्हाय, त्याला सोडा. दुसऱ्या कुनाला बी ठाव न्हाय."

दगड उचललेला हात खाली आला, पण दगड हातातच होता.

"चोर तर कायबी सांगेल," दामू म्हणाला. "साक्ष कोण देतंय?"

"मी देते."

आनंदीबाई गर्दीतनं वाट काढत आली. भाकरी थापता थापता उठून आली असावी, हाताला पीठ होतं. ती शेजारच्याच गल्लीत राहायची. गंगूनं तिच्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून.

"दारात माझा हात ह्याच्या बटणावर पडला होता. मला ठाऊक होतं, आणि मी जाऊ दिलं. ह्याच्या गाठीत अशा रंगाचे अजून चाळीस डगले आहेत. वीज बघायचीय ना तुला? उद्या गोदामात ये दामू, हवी तेवढी दाखवते. आणि बायका छत्रीतनं उतरल्या असत्या, तर आधी तुझी शिट्टी घेऊन गेल्या असत्या."

पहिल्यांदा एक बाई हसली. मग दुसरी. दगड मातीत पडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

"पण नियम मोडला तो मोडलाच," आनंदीबाई म्हणाली. कमरेला कायम खोचलेली कात्री काढून तिनं गंगूच्या हातात दिली. "मार काप. सगळ्यांसमोर."

गंगूनं मला मांडीवर पालथं घातलं. मानेपासून खालपर्यंत, सरळ. कात्री थंड होती, आणि गंगूचे अश्रू गरम.

"आता ही चिंधी झाली. चिंधी बापाला द्यायला मी तुला परवानगी देते. उद्या वेळेवर ये. मालकाला काय सांगायचं ते माझं मी बघते."

त्याच दुपारी गंगूनं मला लाल दोऱ्यानं शिवलं. टाके वेडेवाकडे, एक टाका पार बाजूला गेलेला. जान्यानं मला तीन हिवाळे घातलं. मालक आनंदीबाईला बरंच बोलला, महिनाभर तिला दारावरून काढून गाठी उचलायला लावलं. तिनं गंगूला ते कधी ऐकवलं नाही. फोटो मात्र दामूनं चौकीत नेऊन दिला. तो परत आला नाही.

मित्रांनो, परकं काही दिसलं तर ओरडण्याआधी जवळ जा, ते कुणाचं आहे ते विचारा, आणि उत्तर यायला थोडा वेळ द्या. घाबरलेल्या माणसाला बोलायला वेळ लागतो. आणि तुमच्या घरी जुने फोटो असतील तर मागं नावं लिहून ठेवा. चांगल्यांची लिहा, चुकलेल्यांचीही लिहा. त्या पाच जणींची नावं इथं फक्त मला ठाऊक आहेत, आणि मला लिहिता येत नाही.