डब्यातलं पान

"आई, थुंक! आधी थुंक ते!"

तिच्या तोंडातून लाळ गळत होती, ओठ टम्म सुजले होते. ओट्यावर त्याचा जेवणाचा डबा उघडा पडला होता आणि आतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या पानाचा तुकडा दातांनी तोडलेला होता.

वीस वर्षं तो ऑफिसांमधल्या कुंड्यांना पाणी घालत होता, पानं पुसत होता. छाटलेलं पानासकट कांडं फेकायचं त्याच्या जिवावर यायचं. मग ओल्या कागदात गुंडाळून, रिकाम्या डब्यातून ते घरी यायचं. या झाडाचा चीक लागला की हात खाजतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेकानं डब्यात काही उष्टं टाकलं तर नाही ना, हे आई रोज उघडून बघते, हेही ठाऊक होतं. तरी आज डबा ओट्यावरच ठेवून शहाण्यानं अक्कल गहाण टाकली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झाडाचं नाव काय?"

"तिसऱ्या मजल्यावरचं. लिफ्टशेजारचं."

"अहो, नाव विचारतेय मी!"

नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं डबाच पुढे केला.

"डिफेनबेकिया," पान बघून त्या म्हणाल्या. "घशाची सूज वाढली तर श्वास अडकेल. चार तास इथेच थांबा."

"बोलेल ना ती?"

"आधी श्वास बघू."

तो खाटेशी बसून राहिला. आईची छाती वर झाली की त्याच्या जिवात जीव यायचा, खाली गेली की पुन्हा धस्स व्हायचं. हल्ली ती कुणालाच ओळखत नसे, शेजारणीला स्वतःची बहीण समजायची. पण काडीसारख्या झालेल्या या पन्नाशीच्या लेकाला अजून न चुकता 'ढब्ब्या' म्हणायची. तिचा आवाज गेला तर त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरणार नव्हतं. त्याला भयंकर भीती वाटत होती.

तासांमागून तास गेले. हळूहळू सूज ओसरली. आईनं डोळे उघडले, त्याच्या मांडीवरचा डबा पाहिला आणि त्याचं मनगट चाचपलं.

"ढब्ब्या," घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "रोज हेच खातोस?"

त्यानं तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"म्हणून असा वाळलास," ती म्हणाली आणि रडू लागली.

त्यानं डब्याचं झाकण लावलं.