नळीतले एकतीस

आमचं डोंगरातलं मोखोतलोंग गाव इतकं उंचावर आहे की ढग दार न वाजवता वर्गात येतो. त्या सकाळी तो बाकांमधून हिंडत होता. ब्लँकेटं पांघरलेल्या मुली पाण्यात उपड्या धरलेल्या नळ्यांकडे टक लावून बसल्या होत्या. आम्लात मॅग्नेशियमची फीत विरघळत होती आणि हायड्रोजनचे बुडबुडे सावकाश, जणू झोपेतच, वर चढत होते. बघता बघता त्यांच्या बाईंचे, म्हणजे माझेही, डोळे जड झाले.

उत्तर मला तोंडपाठ होतं. एवढ्याशा फितीतून चोवीस मिलिलिटर वायू निघतो, पुस्तकात तसंच आहे. जिचा प्रयोग उत्तम, त्या एकीचंच नाव दुपारच्या टॅक्सीनं राजधानीला, मासेरूच्या विज्ञान महाविद्यालयाला जायचं होतं. एकेक मुलगी चोवीस लिहून मोकळी झाली. लिमाकात्सोनं लिहिलं एकतीस.

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, आणि ऐन वेळी माती खाल्ली. मला रागच आला. नळीत हवा शिरली असेल, खोड तो आकडा, असं मी तिला बजावलं. तिनं पुन्हा प्रयोग केला. पुन्हा एकतीस. मग मी बाकीच्या नळ्या वाकून पाहिल्या. सगळ्या एकतीसच्याच आसपास; वह्यांत मात्र चोवीस.

"मासेरूची संधी जाईल हं तुझी," मी म्हणाले.

"जाऊ दे, बाई. पण खालून आणलेलं चिप्सचं पाकीट घाट चढेपर्यंत टम्म फुगतं. त्यात कोण हवा भरतं?"

मुली फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून वायू पसरतो, हे दर वर्षी फळ्यावर मीच लिहिते. पुस्तकातले चोवीस समुद्राकाठचे होते. भिंतीवरच्या दाबमापकाचा आकडा घेऊन मी हिशेब मांडला. उत्तर एकतीस आलं.

मी यादीवर लिमाकात्सोचं नाव लिहिलं आणि सोबत तो हिशेब जोडला. ढग अजून वर्गातच होता. त्यातून तिचा आवाज आला, "बाई, तुम्ही इथं शिकायला होता तेव्हा किती आला होता?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"एकतीस," मी म्हणाले. "खोडून चोवीस केला, म्हणून माझं नाव मासेरूला गेलं. आणि परत येऊन अकरा वर्षं मी सगळ्यांकडून तेच खोडून घेतलं."