चिमण्यांचा वाटा

इंग्रज सरकारनं आमच्या शहरावर लावलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या हेमावतीचं लग्न ठरलं. तिची आई, तिची अव्वा, नीलम्मा आदल्या पावसाळ्यात गेली होती. जाण्याआधी लेकीच्या लुगड्याचं सूत तिनं स्वतः रहाटावर भरून टोपलीत झाकून ठेवलं होतं. ते लुगडं मी विणणार हे ठरलेलंच होतं. मी हातमागाचा माणूस. लुगड्याची मला काळजी नव्हती. काळजी होती ओवीची.

आमच्या आळीत लग्नाची हळद जात्यावर दळतात. पहिली ओवी नवरीच्या आईनं म्हणायची, मग नवरीनं जात्याला हात लावायचा. आई नसेल तर मावशी म्हणते, तेवढ्यानं भागतं. हेमावतीचं भागेना.

"मावशीनं म्हनावं," ती म्हणाली, "पन अव्वाची म्हनावं. न्हायतर मी जात्याला हात लावनार न्हाय."

तिची मावशी रत्नम्मा शेजारच्याच घरात राहते. ती म्हणाली, "अगं, तुझी अव्वा रोज नवी करायची. सकाळची दुपारी तिलाच आठवायची न्हाय. मी कुटनं आनू?" मग ती माझ्याकडे वळली. "दाजी, तुमी तिच्यासमोरच बसत व्हता की. तुमाला आठवत असंल."

"मी मागावर असायचो. ती गायची तवा माझा धोटा वाजायचा."

"म्हंजे बायकूचं कदी ऐकलंच न्हाय म्हना की!"

बायका हसल्या. हेमावती हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "हळदीच्या दिवशी तुला अव्वाची ओवी मिळंल. मी सांगतो." का म्हणालो कोण जाणे, पण म्हणालो ते ठाम म्हणालो.

मला चाल ठाऊक होती. नीलम्मा माझ्या मागाच्या ठोक्यावर ओवी बसवायची, त्यामुळे चाल माझ्या हातापायांत होती. आणि एक ठाऊक होतं. तिच्या ओवीत पाखरू असायचंच. चिमणी, कावळा, साळुंकी, बस. मोर नाही, राजहंस नाही. आळीतल्या बायका तिला चिडवायच्या, "नीलम्मा, देवाचं नाव घे की गं कदी!" ती म्हणायची, "देव कुटं दिसतोय? चिमणी समोर हाय." शब्द मात्र एकही आठवेना.

दुसऱ्या दिवशी लुगड्याच्या ताण्याची पाजणी काढली, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावायची. नीलम्मा गेल्यापासून आम्ही खळ लावलेला तयार ताणा आणायचो, ही तिच्यामागची पहिलीच पाजणी. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत आळीत ताणा लांब ताणून बांधला. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि मी आणि कोंडीबा दोन्ही अंगांनी कुंच्यानं खळ लावत निघालो. कोंडीबा माझा शेजारी, पाजणीला आम्ही एकमेकांच्या हाताखाली असतो. अर्ध्यावर आलो नाही तोच चिमण्या उतरल्या. सुताला चिकटलेलं पीठ टिपायला लागल्या. टिपताना धागा तुटायचा. एक जोडावा तर दुसरा तुटे.

"हाड्! हाड्!" मी कुंचा उगारून धावलो. त्या उडाल्या आणि ताण्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

कोंडीबा म्हणाला, "इतक्या पाजण्या केल्या, ह्यास्नी कदी ताण्यावर बसलेलं बघितलं न्हाय. ह्या नव्या आल्या का रं?"

रत्नम्मा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "नव्या न्हाईत. जुन्याच हायत. त्यांचा वाटा कुटं हाय?"

"कसला वाटा?"

"दाजी, तुमाला खरंच ठावं न्हाय? अक्का खळीचा पयला गोळा लिंबाखाली ठिवायची. तुमी कुंचा उचलायच्या आत. तितं चिमण्या जेवायच्या, अन् हितं तुमी पाजनी करायचा."

नीलम्मा भांडं खरवडायला तिकडे जाते असं मी समजत होतो. मी गोळा काढला, लिंबाखाली दगडावर ठेवला आणि बाजूला झालो. ताण्यावरच्या चिमण्या एकदम तिकडे गेल्या. त्यांची भांडणं सुरू झाली. मी उभा राहून बघत होतो. कोंडीबा ओरडला, "खळ वाळतीया!" तेव्हा भानावर आलो.

पुढचे दिवस सकाळी मागावर बसायच्या आधी मी लिंबाखाली बसायला लागलो. खळ नसेल तर भाकरीचा तुकडा घेऊन. लोक म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी ओवी शोधत होतो, आणि ती मिळेल तर तिथंच मिळणार होती.

बसलं की दिसतं. कौलावरचा कावळा मान वाकडी करून बघतो. लोक म्हणतात पाहुणा येणार. त्याला पाहुण्याचं काय? त्याची नजर माझ्या हातातल्या भाकरीवर. साळुंकी कशी चालते तर नव्या सुनेसारखी नव्हे, सासूसारखी, दोन्ही बाजूंना बघत, कोण काय करतंय. हे मी मनाशी बोललो आणि हसलो. नीलम्मा हेच करत होती. वेगळं काही नाही. जे दिसतं ते मागाच्या ठोक्यावर ठेवायचं.

मग एक चिमणी आली. ताणा तुटला होता त्यातलं थोडं सूत मातीत पडलं होतं. ते तिनं चोचीत धरलं. लांब होतं, मध्येच पायात अडकलं. तिनं सोडलं नाही. उडाली ती थेट कोंडीबाच्या वळचणीला गेली. सूत मागं लोंबत होतं. आणि माझा पाय आपोआप हलला, मागाची पावडी दाबावी तसा, आणि नीलम्माची ओळ तोंडात आली. तिच्याच आवाजात आली म्हटलं तरी चालेल. दुसरी ओळ आली नाही. बराच वेळ बसलो, नाहीच आली. मग मी घरात गेलो आणि लेकीचं लुगडं विणायला बसलो. ते सूत बोटाखाली आलं, नीलम्मानं भरलेलं. दुसरी ओळ मला तिथं मिळाली.

हळदीच्या सकाळी बायका जमल्या. रत्नम्मा जात्याशी बसली आणि म्हणाली, "बोला दाजी. सांगा, म्हंजे मी म्हनते."

"मीच म्हनतो."

"अगं बाई! बाप्या मानूस जात्यावर?" कोणीतरी पदर तोंडाला लावला. "आता पदर बी घ्या म्हनावं!"

मी हेमावतीसमोर मांडी घालून बसलो. मांडीवर हातानं मागाचा ठोका धरला. आवाज माझा फाटका आहे. ओवी म्हटली:

चिमणीनं नेलं सूत, घर बांधाया परदारी,
लेकीनं नेलं लुगडं, हात आईचा सुतावरी.

बायकांचं हसणं थांबलं. रत्नम्मानं मान खाली घातली. हेमावती तेवढी सरळ बघत होती.

"अप्पा, ही अव्वाचीच का?"

खोटं बोलता आलं असतं. "चिमनीची अव्वाची. लुगड्याची माझी."

ती जात्याकडे सरकली. मग म्हणाली, "मग दोघांची झाली की." तिनं खुंट्याला हात घातला. रत्नम्मानं समोरून हात लावला. "उटा आता दाजी," डोळे पुसत ती म्हणाली, "मांडी घालून काय बसलाव? हळद बायकाच दळत्यात."

मी उठून बाहेर लिंबाखाली आलो. आत जातं फिरायला लागलं होतं. दगडावर चिमण्या वाट बघत होत्या. त्या दिवशी पाजणी नव्हती, म्हणून घरातली भाकरी आणून कुस्करली.