वेळ संपली, उत्तर राहिलं

मी एक जुनी पितळी घंटा आहे. वीतभर उंच, मुठीवर गरुड, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर वाजले तर पहिल्या मजल्यावरचं मांजर कान टवकारतं. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण घंटेने आवाजाबद्दल गप्प बसायचं तर मग बोलायचं कशाबद्दल?

मित्रांनो, माझा जन्म नाशिकचा. भांडी बाजारातल्या एका दुकानात मी सात बहिणींबरोबर फळीवर उभी होते. संजीवनीताईंनी एकेकीला उचलून वाजवून पाहिलं आणि मला निवडलं. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या पर्समधून विमानात बसले. सिंगापूरच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला बाहेर काढून दिव्याखाली फिरवलं, चुकून वाजवलं आणि स्वतःच दचकला. या देशात माझं पहिलं वाजणं ते.

बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मी सुखात होते. खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे इथली छोटी लोकल, जायची, तिच्या खडखडाटावर मात करून मी रोज आरतीला वाजायचे. संजीवनीताई आणि निशिकांतदादा दोघंही आयटीतले, सकाळी धावपळ असायची, पण मला दोन मिनिटं मिळायची. महिन्यातून एकदा चिंच आणि मीठ लावून मला घासायचे. मग त्यांना ऋग्वेदा झाली, तीन वर्षांनी वरुण झाला. दोघांचंही रडणं थांबवायला मला वाजवलं जायचं. ऋग्वेदा थांबायची. वरुण जास्त रडायचा.

पुढे मुंबईहून कोणीतरी विजेवर चालणारं आरतीचं यंत्र आणलं. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा एकदम. मी देव्हाऱ्याखालच्या खणात गेले, वातींच्या पुड्या आणि एका जुन्या चार्जरच्या शेजारी. दोन वर्षं! माझा रंग काळपट झाला. त्या खणातल्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

ऋग्वेदाने मला तिथून बाहेर काढलं. ती तेव्हा सहावीत होती, बुकित तिमाहजवळच्या एका इंटरनॅशनल शाळेत. शाळेत दर वर्षी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक होते. हॉलमध्ये उमेदवारांची भाषणं होतात, प्रत्येकाला दोन मिनिटं. वेळ संपल्याचं सांगणारी टेबलावरची टिंग-टिंग घंटा बिघडली होती, म्हणून वेळ मोजायचं काम मिळालेल्या ऋग्वेदाने मला न्यायचं ठरवलं.

"देवाची घंटा शाळेत?" संजीवनीताईंनी कमरेवर हात ठेवले.

"आई, ती देवाला तरी कुठे दिसते आता? खणात असते."

मग अटी आल्या. जमिनीवर ठेवायची नाही. उष्ट्या हाताने धरायची नाही. अशी मी घडी केलेल्या रुमालावर बसून शाळेत गेले.

पहिल्याच भाषणात गंमत झाली. दोन मिनिटं झाली, ऋग्वेदाने मला वाजवलं, आणि तिसऱ्या रांगेतल्या चार मराठी मुलांनी सवयीने हात जोडले. त्यांतला क्षितिज नावाचा मुलगा तर डोळे मिटून डुलायला लागला. अख्खा हॉल हसला. त्या दिवसापासून मी शाळेत प्रसिद्ध झाले.

आता त्या निवडणुकीची खरी गोष्ट सांगते. शाळेत जत्रा भरते, प्रत्येक क्लब स्टॉल लावतो, आणि कमाईतला पाचवा हिस्सा विद्यार्थी मंडळाला द्यावा लागतो. मुलं त्याला टॅक्स म्हणतात. दहापेक्षा कमी मुलांच्या क्लबांना तो माफ असतो. फुटबॉल आणि पोहण्याच्या मोठ्या क्लबांना 'साहित्य सवलत' असते, म्हणजे ते जवळजवळ काहीच देत नाहीत. उरले मधले. बुद्धिबळ, नाटक, सायकल. ते पूर्ण देतात.

"आपण मिडल क्लास, लाह," सायकल क्लबमधली एक मुलगी एकदा सिंगापुरी ढंगात म्हणाली होती. "छोट्यांना माफी, मोठ्यांना सवलत, आपल्याला भाषण."

आणि भाषण दर वर्षी तेच! पाच निवडणुका मी त्या टेबलावर काढल्या. पहिली तीन वर्षं ऋग्वेदाच्या हातात, नंतर वरुणच्या. पाचही वेळा उमेदवार म्हणाले, मी निवडून आलो तर मधल्या क्लबांचा टॅक्स निम्मा. पाचही वेळा काही झालं नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचं, "गेल्या वर्षीचा निम्मा कुठे गेला?" आणि दुसरा म्हणायचा, "झाला की. आमचा विश्वास निम्मा झाला!"

या वर्षी ऋग्वेदा सायकल क्लबची प्रमुख झाली. तिच्या क्लबची एक रीत आहे. सहावीत नव्याने आलेल्या मुलांना ते एका शनिवारी पुलाउ उबीनला नेतात. बंबोटीत, म्हणजे छोट्या मोटरबोटीत, बसून बेटावर जायचं, जुन्या कांपोंगमधल्या, म्हणजे खेड्यातल्या, घरांजवळून दिवसभर सायकल चालवायची. मोठी मुलं स्वतःच्या सायकली नेतात, नव्यांसाठी भाड्याने घ्याव्या लागतात. या वर्षी नवी मुलं अठरा होती. पैसे बारा सायकलींपुरते.

नेमका तेव्हाच क्षितिज अध्यक्षपदाला उभा राहिला. हो, तोच डोळे मिटून डुलणारा. एका रविवारी तो मतं मागायला आमच्या घरी आला आणि पोह्यांच्या दोन बशा संपवल्या.

"काकू, पोहे एकदम भारी."

"पोह्यांचं राहू दे," निशिकांतदादा म्हणाले. "निम्मा करणार कसा, ते सांग."

"काका, करणार म्हणजे करणारच."

"अरे बाळा, निवडणुकीच्या आधी 'करणारच' हे ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले."

"बाबा, तो तसा नाहीये," ऋग्वेदा म्हणाली. तिने वहीत गणित मांडलं. जत्रेत सायकल क्लबने सहाशे डॉलर मिळवले होते. टॅक्स एकशे वीस. निम्मा झाला तर साठ वाचतील. सायकलीचं भाडं दहा, म्हणजे सहा सायकली. बारा आणि सहा अठरा! ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात जाऊन सांगून आली, "प्रत्येकाला एक सायकल. नक्की." क्लबची बावीस मतं क्षितिजला द्यायची, असंही तिने मनात ठरवलं.

भाषणांच्या दिवशी सकाळी आम्ही एलआरटीत होतो. मी वरुणच्या दप्तरात होते.

"ताई, एक सांगू? चिडू नकोस," वरुण म्हणाला. "मी दोन वर्षं स्टॉपवॉच बघतोय. सगळे उमेदवार आधी आईबद्दल बोलतात, मग शाळेबद्दल. 'निम्मा' बरोबर एक मिनिट पन्नास सेकंदांना येतो. मग टाळ्या. मग मी टण्. मग 'ओह, वेळ संपली!' आणि खाली बसतात. 'कसं' हे सांगायला वेळच उरत नाही."

"क्षितिज तसं करणार नाही."

"तो काल कॅन्टीनमध्ये सराव करत होता. मला म्हणाला, वाजवायला उशीर करू नकोस हां."

ऋग्वेदाने वही काढून आपलं गणित पुन्हा तपासलं.

आणि मित्रांनो, दप्तरात मला काय वाटलं म्हणून सांगू! पाच वर्षं मी समजत होते की मी उमेदवारांना शिस्त लावते. प्रत्यक्षात मी त्यांना सोडवत होते. ते माझीच वाट बघत होते.

हॉल भरला होता. ऋग्वेदा येऊन सरळ वरुणच्या शेजारी, माझ्या टेबलापाशी बसली. क्षितिज उठला. आईबद्दल बोलला. शाळेबद्दल बोलला. घड्याळात एक पन्नास.

"आणि मी वचन देतो, मधल्या क्लबांचा टॅक्स निम्मा!"

टाळ्या. वरुणने मला उचललं. तेवढ्यात ऋग्वेदाने हात घालून माझ्या पोटातला लोलक घट्ट मुठीत धरला.

"ताई, नियम!" वरुण कुजबुजला.

"श्श."

वरुण हलवतोय, आणि माझ्यातून आवाज नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी हलले आणि वाजले नाही. क्षितिज हसत उभा राहिला. टाळ्या थांबल्या. तो माझ्याकडे बघू लागला.

"तर... निम्मा," तो म्हणाला. "म्हणजे... अर्धा."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"कसं?" ऋग्वेदाने विचारलं. जागेवरूनच, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

क्षितिजने निवडणूक घेणाऱ्या शिक्षिकेकडे, मिसकडे, पाहिलं. मिसने भुवया उंचावल्या आणि हाताची घडी घातली. म्हणजे बोल.

"वेळ संपली ना?"

"घंटा वाजली का?" ऋग्वेदा म्हणाली. "क्षितिज, माझी अठरा मुलं आहेत. कसं, ते सांग."

त्याचे कान लाल झाले. मग त्याने मान खाली घातली आणि वेगळ्याच, घरच्या आवाजात बोलायला लागला. "निम्मा नाही होणार. मी हिशोब केला होता. मोठ्या क्लबांची सवलत काढली, तर मधल्यांचा टॅक्स पाचव्याऐवजी सातवा हिस्सा होईल. तेवढंच जमतं. पण पोस्टरवर 'सातवा हिस्सा' चांगलं दिसत नाही असं सगळे म्हणाले."

फुटबॉल क्लबने हुर्यो उडवली. मधल्या क्लबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पहिल्यांदाच सगळे नीट ऐकत होते.

मग दुसरी उमेदवार, हुई मिन, बोलायला आली. ती म्हणाली, टॅक्स पूर्ण माफ! ऋग्वेदाने तिच्याही वेळी माझा लोलक धरला. न्याय म्हणजे न्याय.

"कसं?"

"शाळा पैसे देईल."

"शाळा देणार नाही," मिस शांतपणे म्हणाल्या.

क्षितिज नऊ मतांनी निवडून आला. फुटबॉल क्लबमधले त्याचे दोन मित्र त्याच्याशी बोलेनासे झाले. मंडळाच्या पहिल्या बैठकीत मोठ्या क्लबांनी वाद घातला, आणि शेवटी सातवा नाही, सहावा हिस्सा ठरला. सायकल क्लबचे वीस डॉलर वाचले. दोन सायकली.

म्हणजे चौदा. आणि मुलं अठरा.

आता प्रश्न क्षितिजचा राहिला नव्हता. 'प्रत्येकाला एक, नक्की' हे ऋग्वेदाचं वचन होतं. सहावीच्या वर्गात जाताना तिने मला बरोबर घेतलं. का, ते तिलाही माहीत नसावं. वरुण दाराशी थांबला. म्हणाला, "ताई, 'असेंब्ली आहे' असं सांगून पटकन निघ हवं तर."

"नको."

ती फळ्यासमोर उभी राहिली. "मी तुम्हाला अठरा सायकली म्हणाले होते. चौदाच मिळतील."

पहिल्या बाकावरचा नील, पुण्याहून येऊन दोनच महिने झालेला, म्हणाला, "पण तू नक्की म्हणाली होतीस."

"हो. दुसऱ्याच्या वचनावर मी माझं वचन दिलं. त्याला 'कसं' विचारायच्या आधी तुम्हाला सांगून टाकलं. चूक माझी आहे."

"मग आता?"

"आता खरं एवढंच की बोटीत सगळे येणार. सायकली चौदा. आठ जणांना चारमध्ये भागवावं लागेल, पाळीपाळीने. कोणाला चालेल?"

कोणी हात वर केला नाही. तिने मला टेबलावर ठेवलं आणि थांबली. घाई केली नाही, हसून वेळ मारून नेली नाही. खिडकीबाहेर कोणीतरी बास्केटबॉल खेळत होतं, त्याचे टप्पे ऐकू येत होते. मग मागच्या बाकावरून दोन हात आले. मग एक. नील बराच वेळ पेन्सिल कुरतडत बसला होता. शेवटी त्यानेही हात वर केला आणि म्हणाला, "पण पहिली पाळी माझी."

"ते तुझ्या जोडीदाराला विचार," ऋग्वेदा म्हणाली. आठ हात व्हायला पूर्ण तास लागला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरी खणात एखादी घंटा असेल तर तिला चिंच-मीठ लावून घासा, अधूनमधून वाजवा, यंत्रावर सगळं सोपवू नका. आणि पुढच्या वेळी एखादा उमेदवार वचन देऊन टाळ्यांमध्ये खाली बसू लागला, तर माझा आवाज आला म्हणून तुम्ही उठू नका. मला फक्त वेळ कळते. उत्तर आलं की नाही, ते तुम्हालाच ऐकायचं असतं.